गभणे साहेबांची खनिजे

माणसाचे आयुष्य सात खनिजांच्या तोलावर उभे असते. तो तोल ढळला की माणूस तर जातोच, पण राज्येही जातात. हे वाक्य मी गभणे साहेबांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले तेव्हा ते एका पायावर उभे राहून दुसऱ्या बुटातला खडा काढत होते, आणि तोल जाऊ नये म्हणून त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता. आमची तोवर ओळख नव्हती. खडा निघाला. तो त्यांनी बोटांत फिरवून पाहिला, "क्वार्ट्झ" असे म्हणून फेकला आणि मगच माझा खांदा सोडला.

वरठीला स्टेशनाच्या अलीकडे एक मोकळे मैदान आहे, तिथे ही भेट झाली. त्याच आठवड्यात ते आमच्या शेजारच्या घरात राहायला आले होते. तुमसरकडच्या एका मॅंगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले. 'साहेब' ही पदवी त्यांना कोणी दिली ते ठाऊक नाही. दारावरच्या पाटीवर ती होती, म्हणून आम्ही वापरू लागलो. खाणीत त्यांचे काम नमुने काढण्याचे. बाहेर आलेल्या मालाचा ढीग घालायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे दोन बाजूला सारायचे, उरलेले पुन्हा कालवायचे, पुन्हा चार भाग. असे करत करत शेवटी ओंजळभर माल उरतो. ती ओंजळ पिशवीत भरून प्रयोगशाळेत द्यायची. प्रयोगशाळा प्रत ठरवी आणि गभणे साहेब ढिगापाशी येऊन ती मोठ्याने वाचून दाखवीत. तीस वर्षे निकाल वाचून दाखवल्यावर तो आपणच लावतो अशी कोणाचीही समजूत होईल.

"गुरुजी, नमुना बराबर असन त ढीग बराबर असते," ते मला म्हणत. मी शाळेत भूगोल शिकवत असे, त्यामुळे खडकांच्या बाबतीत मी त्यांचा लांबचा नातेवाईक आहे असे त्यांनी धरले होते. एरवीचे बोलणे ते असे आपल्या झाडीपट्टीच्या बोलीत करीत. सिद्धांत सांगायचा झाला की मात्र पाठ ताठ होई, आवाज खाली जाई आणि पुस्तकी मराठी सुरू होई. समोरच्याला कळत असे, की आता सुटका नाही.

मैदानावर रोज पहाटे एक प्रभात मंडळ जमे. मंडळ म्हणजे आठ-दहा निवृत्त माणसे, दोन बाके आणि एक अध्यक्ष. अध्यक्ष बोरकर, रेल्वेतून निवृत्त झालेले, स्वभावाने इतके सोशिक की त्यांना कोणीही कशाचेही अध्यक्ष करत असे. गभणे साहेब तीन आठवड्यांत या मंडळाचे मार्गदर्शक झाले. त्यांच्याकडे निळा ट्रॅकसूट होता आणि त्याला इस्त्री असे. मैदानाला ते तीन फेऱ्या मारीत, हात मागे बांधून, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखे. त्यांना घाम आलेला मी कधी पाहिला नाही. तिसऱ्या फेरीनंतर ते बाकावर बसत आणि व्यायामाने शरीरातली खनिजे कशी खर्च होतात यावर बोलत. ते एवढे बोलत, की ऐकणाऱ्यांची फेरी राहून जाई. व्यायामाचे महत्त्व ऐकता ऐकता मंडळाचा व्यायाम बंद पडला, पण त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

त्यांनी एक तक्ता तयार केला होता. पुठ्ठ्यावर, लाल-निळ्या शाईत. कॅल्शियम, लोह, पोटॅशियम, मॅग्नेशियम, जस्त, फॉस्फरस आणि मॅंगनीज. प्रत्येकापुढे ते कशात मिळते आणि नसले तर काय बिघडते. मॅंगनीजवर त्यांचा विशेष लोभ होता. ज्याचे तीस वर्षे खाल्ले त्याला विसरू नये, एवढाच त्यात भाव असावा. चहात मॅंगनीज भरपूर असते हे त्यांनी कुठेतरी वाचले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या दिवसातल्या सहा चहांना शास्त्राचा आधार मिळाला. सातव्याला मागणी असे, पण त्यांची बायको, म्हणजे आमच्या गभणे काकू, त्यासाठी उठत नसत.

तक्त्याच्या तळाशी काळ्या शाईत एक ओळ होती: मीठ – वर्ज्य.

या ओळीचा इतिहास सरळ आहे. गभणे साहेबांना रक्तदाब होता. डॉक्टरांनी त्यांना मीठ कमी करा, लोणचे-पापड बंद करा, असे सांगितले. सांगितले ते बरोबरच होते आणि साहेबांनी ते पाळलेही. त्यांचा दाब उतरला. इतपत ठीक. पण खाणीतली सवय. नमुना हाती आला होता, तो बरोबर निघाला होता. आता ढिगाची प्रत वाचून दाखवणे बाकी होते. डॉक्टरांनी एका माणसाला दिलेली चिठ्ठी त्यांनी साऱ्या वरठीला लागू केली. "मीठ हे खनिज नव्हे, तो खनिजांचा शत्रू होय," असे ते पुस्तकी मराठीत सांगू लागले. मीठ जमिनीतून आणि समुद्रातून निघते हे मी भूगोलाचा शिक्षक म्हणून एकदा सुचवून पाहिले. ते म्हणाले, "तुमचं सिलॅबस जुनं झालं गुरुजी."

पोलाद कारखान्याच्या पहिल्या पाळीचे लोक त्याच वेळी मोटरसायकलींवर, सायकलींवर मैदानाजवळून जात. त्यातला एक जण, भट्टीवर काम करणारा, चेन चढवायला थांबला असताना त्याने हे ऐकले. म्हणाला, "साहेब, आमी त बाटलीत लिंबू-मीठ टाकूनच जातो. नाहीत भट्टीपाशी चक्कर येते."

"तुमचं प्रकरण वेगळं हाय," साहेब म्हणाले.

"काहून?"

"तुमी लोखंड वितळवता."

त्या माणसाने थोडा विचार केला, चेन चढवली आणि तो गेला. बोरकर मात्र त्या दिवसापासून घरी लोणचे चोरून खाऊ लागले. बायकोपासून नव्हे, ती तर वाढायची. गभणे साहेब अचानक घरी आले तर काय, या भीतीने.

हे सगळे असेच चालू राहिले असते आणि कोणाचे काही बिघडले नसते. बाकावर बसणाऱ्याला फार खनिजे लागत नाहीत. पण त्या वर्षी होळीनंतर प्रणाली आली.

प्रणाली म्हणजे साहेबांच्या धाकट्या भावाची मुलगी, पवनी तालुक्यातल्या कोंढ्याची. घरी धानाची शेती. पोलीस भरतीत ती दोनदा उतरली होती आणि दोन्ही वेळा आठशे मीटरच्या धावण्यात काही सेकंदांनी मागे राहिली होती. ही तिसरी वेळ. पुढच्या भरतीपर्यंत तिचे वय मर्यादेबाहेर जाणार होते, त्यामुळे चौथी वेळ नव्हती. घरी स्थळे पाहणे सुरू झाले होते. बापाने तिला एवढेच सांगितले होते, की ही भरती होऊन जाऊ दे, मग पाहू. त्या 'मग पाहू'मध्ये काय आहे ते तिला ठाऊक होते. वरठीला मैदान होते आणि मोठेबाबांचे घर होते, म्हणून ती तीन महिन्यांसाठी राहायला आली. मोठेबाबा म्हणजे गभणे साहेब.

ती कमी बोलणारी, काटक मुलगी होती. पहाटे धावायची, संध्याकाळी धावायची, मधल्या वेळात लेखी परीक्षेची पुस्तके घेऊन आमच्या ओसरीवर बसायची, कारण त्यांच्या घरी मोठेबाबा असत. मी एकदा विचारले, "मोठेबाबा शिकवतात की नाही?"

"लय शिकवतात, गुरुजी," ती म्हणाली. "म्हणूनच त इकडं बसतो."

साहेबांनी तिला ताब्यात घेतले. आजवर त्यांच्या सिद्धांताला खरोखर धावणारे माणूस मिळाले नव्हते. तक्ता स्वयंपाकघरात लागला. तिळाची चटणी आली, नाचणी आली, केळी आली, भाजीला लोखंडी कढई आली. यातले वाईट काहीच नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पण तिच्या वरणातले, भाजीतले मीठ गेले. पाणी मात्र दिवसाला सात लिटर ठरले. ती धावून आली की साहेब तांब्या घेऊन दारात उभे. "पी. सारं विष धुऊन निघालं पायजे."

एप्रिल संपला, मे लागला. आमच्याकडच्या मेमध्ये सावलीत बसलेल्या माणसालाही घाम फुटतो; प्रणाली उन्हे उतरायच्या आत धावायला निघत असे. तिचा काळा टी-शर्ट वाळला की त्यावर पाठीशी पांढऱ्या रेघा उमटत, नदीच्या नकाशासारख्या. "ते पाहा," साहेब मला अभिमानाने दाखवत. "विष बाहेर पडून राहिलं." आयुष्यभर दगडमातीतून माल ओळखणारा हा माणूस त्या रेघांकडे रोज पाहत होता.

मेच्या मध्यापासून तिची वेळ सुधारायची थांबली. मग वाढू लागली. डोके दुखे, मळमळे. दुसऱ्या फेरीत पिंडऱ्या धरत. ती मैदानाच्या कडेला बसून दोन्ही हातांनी पाय दाबत राही आणि साहेब तिला मॅग्नेशियमबद्दल सांगत. एकदा मी तिथे होतो. ती म्हणाली, "मोठेबाबा, थोडसं मीठ खाऊन पाहू काय? घरी आमी धान रोवण्याच्या दिवसात..."

"तेच त चुकते," साहेब म्हणाले. "म्हणूनच दोनदा राहिली."

ती पुन्हा पाय दाबू लागली.

चाचणीला तीन आठवडे असताना ती मैदानातच पडली. मी आणि साहेब तिला रिक्षात घालून भंडाऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी तपासले, रक्त काढायला लावले, मग विचारले, "दिवसाला पाणी किती पितेस?"

"सहा-सात लिटर."

"आणि मीठ?"

साहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते.

"बंद हाय," ती म्हणाली.

"बंद? कोणी सांगितलं?"

मी साहेबांकडे पाहिले. त्यांचे तोंड उघडले होते, पण त्यातून कोणतीच मराठी बाहेर येत नव्हती. तेवढ्यात प्रणाली म्हणाली, "कोणी नाही. मीच केलं, मोबाईलवर पाहून."

डॉक्टरबाईंनी मग मोबाईलचा समाचार घेतला. घामातून सर्वांत जास्त जाते ते मीठच. बाकीची खनिजे थोडी थोडी जातात, ती रोजच्या साध्या जेवणातून भरून निघतात. मीठ भरून न काढता नुसते पाणी ओतत राहिले, की रक्तातले उरलेसुरले मीठही पातळ होते. रक्तदाबाच्या माणसाला जे सांगितले जाते ते मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलीला लागू नाही. "ज्याला घाम येत नाही तो घाम येणाऱ्याला सल्ला देतो, हीच मोबाईलची गंमत आहे," त्या म्हणाल्या. साहेब मान डोलावत होते. दोन दिवसांनी रक्ताचा अहवाल आला. रक्तही थोडे कमी होते. धावणाऱ्या मुलींमध्ये होते असे, पालेभाजी आणि डाळ वाढवा, आणि जेवणावर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही, असे बाईंनी सांगितले. मला वाटते, साहेबांना त्या दोन भेटींत सर्वांत लागले असेल ते चहाबद्दलचे वाक्य.

पण तसे नव्हते. पहिल्या भेटीनंतर वरठीला रिक्षातून उतरल्यावर त्यांनी प्रणालीला हळूच विचारले, "खोटं काहून बोलली वो बाई?"

"तुमाले त्या बोलल्या असत्या," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुंपणापाशी होतो. शेजारच्या अंगणात साहेब बसले होते आणि काकू वाळलेले धुणे काढत होत्या. गभणे काकू स्वभावाने शांत. घरात तक्ता लागला तेव्हाही त्या त्यावरच पोळपाट टेकवून ठेवत. त्यांनी प्रणालीचा न धुतलेला काळा टी-शर्ट आणून साहेबांच्या मांडीवर ठेवला.

"अजी, एवढे वर्षं नमुने काढले. याचाही काढा."

साहेबांनी टी-शर्टाकडे पाहिले. मग जुन्या सवयीने नखाने त्या पांढऱ्या रेघेवर खरवडले, बोटावर आले ते उन्हात धरून पाहिले, आणि खाणीत ते करत असतील तसे जिभेला लावले. काकू वाट पाहत उभ्या होत्या.

"काय निंगालं?"

साहेबांनी बोट पुन्हा जिभेला लावले.

"आमच्या कोंढ्याले रोवणेकरी बायाईले पेजेत मीठ नसन त धानाच्या बांधीत उतरत नाहीत त्या," काकू म्हणाल्या. "त्याईले कोणी तक्ता नाही देल्ला." आणि त्या वाळलेल्या चादरी घेऊन घरात गेल्या. साहेब टी-शर्ट मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले. मला त्यांनी पाहिले होते, पण मी पाहिले नाही असे आम्ही दोघांनी ठरवले.

त्यानंतर रोज पहाटे त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागे आणि भांड्यांचा आवाज येई. आवाज काकूंचा नव्हता. त्यांच्या हातून भांडी पडत नसत. प्रणालीची वेळ हळूहळू खाली येऊ लागली. ती मिठानेच आली असे मी ठामपणे म्हणणार नाही. त्याच सुमारास दोन-चार दिवस ढग येऊन ऊन उतरले होते, आणि मोठेबाबा मैदानावर यायचे थांबले होते. दोन्हींचा हातभार असू शकतो.

चाचणीच्या सकाळी त्यांनी मला बरोबर चला म्हणून सांगितले. भंडाऱ्याच्या मैदानाबाहेर पालकांची गर्दी होती. आत फक्त उमेदवारांना सोडत. फाटकापाशी साहेबांनी पिशवीतून स्टीलची बाटली काढून प्रणालीच्या हाती दिली.

"काय हाय हे, मोठेबाबा?"

"खनिज द्रावण."

तिने झाकण उघडून वास घेतला. "पेज हाय हे."

"तेच ते."

"मीठ हाय काय यात?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिले. मंडळाचे कोणी नव्हते. "पी चुपचाप," ते म्हणाले. "सारी नको पिऊ. अर्धी आता, अर्धी झाल्यावर."

ती अर्धी प्यायली आणि आत गेली. कुंपणाच्या फटीतून धावपट्टीचा एक तुकडा दिसत होता. साहेब त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि मला म्हणाले, "तुमी पाहा गुरुजी. माझ्यानं नाही होत." मी पाहत होतो. ती पहिल्यांदा फटीतून गेली तेव्हा चौथी होती. दुसऱ्यांदा गेली तेव्हा दुसरी, आणि पाय धरलेले नव्हते. मी तसे सांगितले. ते रस्त्याच्या कडेला, धुळीत, इस्त्रीच्या ट्रॅकसूटसकट खाली बसले आणि त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या मानेवर घाम दिसला.

तिची वेळ बसली. पुढे लेखी परीक्षाही झाली आणि यादीत नाव आले. मंडळाने सत्कार केला. साहेबांनी पाऊण तास भाषण केले, पूर्णपणे पुस्तकी मराठीत. त्यात त्यांनी जाहीर केले, की दीर्घ निरीक्षणानंतर त्यांनी तक्त्यात एका आठव्या खनिजाची भर घातली आहे: सोडियम क्लोराईड, धावणाऱ्यांसाठी अत्यावश्यक. टाळ्या झाल्या. नव्या तक्त्यावर ते हिरव्या शाईत होते. त्याच्या खालीच 'मीठ – वर्ज्य' ही ओळ तशीच होती. मंडळातल्या कोणालाच त्यात काही वावगे दिसले नाही. मी भूगोलाचा शिक्षक. मीही गप्प राहिलो. जो माणूस पहाटे उठून पेज करतो त्याच्याशी रसायनशास्त्रावर वाद घालू नये, असे मला वाटले.

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. झोपेत, शांतपणे; दाब शेवटपर्यंत ताब्यात होता. मंडळाने मैदानावर शोकसभा घेतली. बोरकर अध्यक्षस्थानी होते. साहेबांच्या खनिजशास्त्राने एका खेड्यातल्या मुलीला वर्दी दिली, असे चार वक्ते सलग म्हणाले. एकाने सुचवले, की तो तक्ता दगडात कोरून मैदानावर बसवावा. प्रणाली रजा काढून आली होती. तिला दोन शब्द बोलायला सांगितले. ती उभी राहिली, म्हणाली, "मोठेबाबांनी मले स्वतःच्या हातानं पेज करून देल्ली," आणि खाली बसली. त्यात काहीतरी गहन अर्थ असावा असे समजून सभेने माना डोलावल्या. काकू पदराने डोळे पुसत होत्या.

सभा संपल्यावर मी आणि प्रणाली स्टेशनाकडे चालत गेलो. भरतीच्या वेळच्या गोष्टी निघाल्या. त्या यादीत प्रणालीच्या वर अकरा नंबरांनी भंडाऱ्याजवळच्या शहापूरची एक मुलगी होती. प्रशिक्षणात दोघींच्या खाटा शेजारी शेजारी. ती शहापूरची मुलगी कशी तयारी करायची, असे मी विचारले. प्रणालीने सांगितले, ती रोज सकाळी धावून झाल्यावर हायवेवरच्या टपरीवर तर्री-पोहा, म्हणजे खारट-तिखट रस्सा ओतलेले पोहे, खात असे, वरून जास्तीची शेव मागून घेऊन.